बेंबीचा पाव

एदेल्मिराच्या पावाला बेंबी असायची. सगळ्या पावांना नाही, दर घाण्यातल्या एकालाच. तिच्या लोखंडी चुलीच्या पोटात भट्टी होती आणि त्या भट्टीच्या तळाचा पत्रा मागच्या डाव्या कोपऱ्यात फुगून वर आला होता. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तिनं हौसेनं सुकी लाकडं ठासून भरली, पत्रा लालभडक होऊन उचलला, तो कायमचा. त्या कोपऱ्यात ठेवलेल्या पावाच्या बुडाशी वासराच्या खुराएवढा खळगा पडायचा. तिचा नवरा सेगुंदो आल्यागेल्याला तो उलटा करून दाखवायचा. म्हणायचा, बघा, आमच्या घरचा पाव विकतचा नाही, पोटचा आहे, नाळेची खूण आहे. सेगुंदो गेला, खळगा राहिला. पुढं नात राएन बोलायला लागली आणि बेंबीचा पाव तिचा झाला. तो दुसऱ्या कुणी उचलला तर घर डोक्यावर घ्यायची.

तीच राएन मागच्या हिवाळ्यात इस्पितळात पडली.

कोयाइके गाव पृथ्वीच्या दक्षिण टोकाकडं, डोंगरांच्या वाटीत बसलेलं आहे; तिथं हिवाळा जून-जुलैत येतो. थंडीत वारा पडला की घराघरांतल्या चुलींचा धूर वर जातच नाही, वाटीवर झाकण ठेवावं तसा बसून राहतो. मोठी माणसं खोकत खोकत दिवस काढतात. पोरीची छाती मात्र भात्यासारखी वाजायला लागली. तोंडाला वाफेचा मुखवटा लावून ती निजली होती, बोटांची नखं निळी पडली होती. उशाशी तिची आई विवियाना, म्हणजे एदेल्मिराची एकुलती लेक, भिंतीला डोकं टेकून बसली होती. डॉक्टरांनी कुणाला दोष दिला नाही. धूर, एवढंच म्हणाले. पण एदेल्मिराला तो धूर कुठून निघतो ते ठाऊक होतं. आपल्याच हातानं ती रोज पहाटे त्यात लाकूड घालत होती.

रोज संध्याकाळी जपमाळ, शुक्रवारी उपास, हे तिचं लग्नाआधीपासूनचं. मागणं मात्र ती क्वचितच मागायची. देवाघरी सारखा हात पसरू नये असं तिच्या आईनं शिकवलेलं. त्या दिवशी इस्पितळाच्या जिन्यात बसून तिनं मागितलं. कार्मेनमाते, या पोरीचा श्वास मोकळा कर. माझी चूल मी तुला देते. ती विकणार नाही, कुणाला देणार नाही. फोडून टाकीन, म्हणजे माझ्या चुलीचा धूर पुन्हा कुठल्याच छपरातून निघायचा नाही.

कार्मेनमातेला बोललेला नवस त्या गावात कुणी हसण्यावारी नेत नाही. लोक गुडघ्यांवर चालत जातात, केस कापून देतात. एदेल्मिरानं आपला नवस दोघांनाच सांगितला, विवियानाला आणि नोल्बेर्तोला. विवियाना म्हणाली, बरं आई. नोल्बेर्तोनं टोपी काढली आणि म्हणाला, तुमच्या मनासारखं होईल, कोमाद्रे.

नोल्बेर्तो पत्र्याचं काम करायचा. निम्म्या गावाची धुराडी त्याच्या हातची होती. विवियानाच्या बाप्तिस्म्याला पोर हातात घेऊन तोच उभा राहिला होता. तेव्हापासून तो विवियानाचा धर्मपिता, आणि एदेल्मिराचा कोंपाद्रे; ती त्याची कोमाद्रे. रक्ताचा भाऊ भांडून वेगळा होईल, कोंपाद्रेनं मात्र व्हायचं नाही. ते नातं देवासमोर पाण्यानं जोडलेलं. सेगुंदोची शवपेटी खांद्यावर घेणाऱ्यांत तो पुढं होता. त्याची बायको ओर्फेलिना गुडघ्यांनी अधू, थंडीत हातही सुजायचे, पण जीव लावणारी.

राएन बरी होऊन घरी आली, आणि उन्हाळा सरता सरता एदेल्मिरा आणि विवियाना शेगडी घ्यायला दुकानात गेल्या. लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या बारीक कांड्यांवर, पेलेटवर, चालणारी शेगडी. दुकानदार तरुण होता, नम्र होता. घर केवढं, छप्पर किती उंच, असं विचारून त्यानं कोपऱ्यातली सगळ्यांत लहान शेगडी दाखवली. वरच्या टाकीत पोतं ओतायचं, बटण दाबायचं, कांड्या आपोआप खाली पडतात, वीज त्यांना पेटवते, पंखा ऊब बाहेर ढकलतो. राख मूठभर. धूर नसल्यातच जमा.

एदेल्मिरानं शेगडीच्या माथ्यावरून हात फिरवला आणि विचारलं, किटली कुठं ठेवायची?

वर काही ठेवायचं नाही, तो म्हणाला.

मग पाव?

त्यानं पलीकडच्या विजेच्या भट्ट्यांकडे बोट दाखवलं. विवियानानं आईचा दंड हळूच दाबला. दुकानदाराला बिचाऱ्याला काय कळणार, की तो विकत होता ती शेगडी, आणि ती घेत होती ते व्रत.

बसवायला अर्थातच नोल्बेर्तो आला. पोत्यात हात घालून त्यानं मूठभर कांड्या काढल्या, वास घेतला आणि म्हणाला, "कोमाद्रे, हा कोंबड्यांचा दाणा आहे. आणि ही काच बघा. चूल कसली, टीव्ही आहे हा. आता मालिका सुरू होईल."

थट्टा करता करता काम मात्र त्यानं चोख केलं. लाकडी भिंतीपासून वीतभर जागा सोडून शेगडी मांडली, भिंतीला भोक पाडलं, नळी लाकडाला टेकू नये म्हणून भोवती पत्र्याचं कडं बसवलं. नळीच्या वाकणाला खाली झाकण ठेवलं आणि त्यातून राख कशी काढायची ते विवियानाला दोनदा करून दाखवलं. जुन्या धुराड्याचं छपरातलं भोक त्यानं पत्र्यानं बुजवलं, तेव्हा स्वयंपाकघरात अंधारल्यासारखं झालं. मग बटण दाबलं. आधी नुसती खडखड. बराच वेळ काहीच नाही. राएन काचेला नाक लावून बसलेली. एकदम काचेमागं ठिणगी धरली आणि आग उभी राहिली. नव्या रंगाचा उग्र वास सुटला, सगळ्यांनी खिडक्या उघडल्या आणि गार वाऱ्यात उघड्या खिडक्यांपाशी उभं राहून सगळी हसली.

जुनी चूल नोल्बेर्तो आणि त्याच्या भाच्यानं दोरखंड लावून गाडीत चढवली. आपल्यासमोर अंगणातच फोडा, असं एदेल्मिरानं म्हटलं होतं. नोल्बेर्तो म्हणाला, नको, तुम्हाला बघवणार नाही, मोठा घण माझ्या कामाच्या जागी आहे. तिला ते पटलं. आपल्या मनाची एवढी काळजी या माणसाला आहे, याचं तिला भरूनही आलं. गाडी निघताना तिनं चुलीच्या दांडीला हात लावून तो कपाळाला लावला.

संध्याकाळी तो परत आला. खिशातून फडकं काढलं, फडक्यातून लोखंडाचा तुकडा. चुलीच्या तोंडावर भांड्याच्या मापाप्रमाणे काढता-घालता येणारी कडी असतात, त्यातल्या मधल्या कड्याचा अर्धा भाग. कडेला सेगुंदोनं छिन्नीनं घातलेली खाच होती. दुसऱ्या कुठल्या चुलीची ती असणं शक्य नव्हतं. "झालं, कोमाद्रे," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे खरंच ओले होते. एदेल्मिरानं तो तुकडा कार्मेनमातेच्या तसबिरीपुढं ठेवला. रोज संध्याकाळी माळ संपली की ती त्याच्यावर बोट टेकवायची. गार लोखंड. दिलं ते दिलं, असं वाटून तिला शांत झोप लागायची.

हिवाळा आला. नवी शेगडी घर ऊबदार ठेवायची, पण तिच्याभोवती कुणी बसत नसे. पंखा गुणगुणत राहायचा. आग दिसायची, ऐकू यायची नाही. माते, म्हणजे तिकडचा कडू पाल्याचा चहा, प्यायला पाणी विजेच्या किटलीत तापवायचं आणि टेबलाशी बसून प्यायचं, दवाखान्यात बसल्यासारखं. जूनमध्ये एकदा बर्फानं तारा तुटल्या, वीज गेली आणि शेगडी मुकाट्यानं मेली. दोन दिवस तिघी एका गोधडीत बसल्या. विवियाना चिडून म्हणाली, बघ, हे असं होतं. एदेल्मिराला मात्र त्या थंडीतही एक समाधान होतं. व्रत थोडं टोचावंच, नाहीतर ते व्रत कसलं. आणि राएन खोकत नव्हती. सबंध जून महिना पोरीनं तोंड मिटून झोप घेतली.

जुलैत कार्मेनमातेची नऊ दिवसांची प्रार्थना असते. संध्याकाळी बायका छोट्या देवळात जमतात, माळ म्हणतात, मग चहा आणि घरून आणलेला पाव. त्या आठवड्यात वारा पूर्ण पडला होता. गावावर धुराचं झाकण बसलं होतं आणि राएनला पुन्हा खोकल्याची उबळ येऊ लागली होती. एदेल्मिरा प्रार्थनेत एकेका मण्यावर तिचं नाव घालत होती.

प्रार्थना झाली. पावाची टोपली फिरली. तिनं एक पाव उचलला, मोडायला म्हणून हातात उलटा धरला, आणि तिचा अंगठा खळग्यात गेला.

अंगठ्याला तो खळगा डोळ्यांआधी ओळखता आला. वासराच्या खुराएवढा, एका बाजूला उतरता, कडेला थोडा करपट. चाळीस वर्षं तो तिनं पुसला होता, त्यात लोणी भरलं होतं. ती खळग्यात अंगठा फिरवत राहिली. शेजारणीनं विचारलं, पावात काही निघालं का? एदेल्मिरानं मान हलवली आणि टोपली कुणाची म्हणून विचारलं. "ओर्फेलिनाची की. तुमच्याच कोमाद्रेची. तुम्हाला नाही माहीत? मागच्या अंगणात शेड घातलीय, तिथं भाजते. अर्धी गल्ली तिच्याकडून पाव घेते आता. गुडघ्यांनी येववत नाही म्हणून टोपली पाठवली."

एदेल्मिरानं तो पाव रुमालात बांधला. घरी परतताना तिला एकेक गोष्ट आठवत गेली. आधी दर रविवारी या म्हणून मागं लागणारी ती दोघं, सबंध हिवाळ्यात एकदाही या म्हणाली नव्हती. स्वतःच यायची, इथंच माते प्यायची आणि जायची. चढावर बर्फ आहे, तुम्ही कशाला दमता, असं नोल्बेर्तो म्हणायचा. तिला ती माया वाटली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी राएनला शाळेत पाठवून ती निघाली. निघताना तसबिरीपुढचा लोखंडाचा तुकडा पदरात घ्यावा तसा शालीच्या टोकात घेतला. चढावरून लांबूनच दिसलं. नोल्बेर्तोच्या घरामागं नव्या पत्र्याचं धुराडं, आणि त्यातून निघणारा दाट पांढरा धूर, उतारावरून सरळ खाली शाळेकडे सरकणारा.

शेडचं दार उघडंच होतं. आत तिची चूल होती. पेटलेली. काळ्या पॉलिशनं चकचकीत केलेली. माथ्यावरची कडी जुनीच, मधलं एक तेवढं नवीन, पत्र्याचं, हातानं कापलेलं. ओर्फेलिना पिठात कोपरापर्यंत हात घालून उभी होती. तिनं एदेल्मिराला पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला. चोरी पकडल्यासारखा नाही, खरोखर फुलला.

"आलात शेवटी," ती म्हणाली. "मी किती वेळा म्हटलं याला, बोलाव त्यांना, बघू दे. तर म्हणायचा, नाव काढू नकोस, त्यांना त्रास होतो. कोमाद्रे, तुम्ही ही आम्हाला दिलीत, मी रोज देवाजवळ तुमचं नाव घेते. हात बघा माझे, पहिल्यांदा हिवाळ्यात सुजले नाहीत."

एदेल्मिरानं चुलीकडं पाहिलं, मग त्या हातांकडं. तिला वाटलं होतं तिथं दोन चोर असतील. एकच होता, आणि तो दारात येऊन थांबला होता. बायकोला त्यानं घरातून साखर आणायला सांगितली. ती गेल्यावर टोपी हातात फिरवत बोलू लागला. घण उचलला होता, शपथ घेऊन सांगतो. पहिला घाव कड्यावर घातला, दुसऱ्याला हात उचलेना. असलं लोखंड आता ओतत नाहीत, कोमाद्रे. ते मोडणं म्हणजे पाप. आणि ओर्फेलिनाचे हात तुम्ही बघितलेत.

"मग तसं येऊन सांगायचं होतंत," एदेल्मिरा हळूच म्हणाली. तिचा आवाज कधीच चढत नसे. "मी स्वतः घण उचलला असता. नाहीतर तुमच्याकडं बघून दुसरं काही बोलले असते माउलीला. तुम्ही मला तुकडा आणून दिलात. डोळ्यांत पाणी आणून."

"ते पाणी खोटं नव्हतं."

"म्हणूनच."

माणूस अडचणीत सापडला की हसतो तसा तो हसला. "कार्मेनमाता काय लोखंड मोजत बसते का? तुम्ही मनानं दिलीत. तिला पोचलं."

"तिला धूर पोचला. माझ्या नातीलाही पोचला," एदेल्मिरा म्हणाली. "मी ही तुम्हाला दिली नव्हती. जे माझंच राहिलं नव्हतं, ते तुम्ही उचललंत."

यावर तो जे बोलला, ते त्यानं बोलायला नको होतं. पण कोपऱ्यात सापडल्यावर त्याला दुसरं दार दिसलं नसावं. "मी एकट्यानं नाही ठरवलं. विवियानाला विचारा. तीच म्हणाली, फोडू नका, ठेवून द्या. आई वर्षभरात त्या मशिनला कंटाळेल, मग परत आणू."

पुढची काही वाक्यं एदेल्मिराला ऐकू आली नाहीत. साखर घेऊन ओर्फेलिना परत आली, किटली चुलीवर चढवली, मातेचा वाटगा भरला आणि तिच्या हातात दिला. चाळीस वर्षांच्या सवयीनं एदेल्मिरानं चुलीच्या उजव्या अंगाला स्टूल ओढलं, तिथंच ऊब सगळ्यांत चांगली लागायची, आणि बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण कुठं बसलो. ती उठली. वाटगा न पिता परत दिला. ओर्फेलिनाच्या पिठानं माखलेल्या हातावर आपला हात ठेवून म्हणाली, तुमची काही चूक नाही, कोमाद्रे. मग शालीचं टोक सोडून तो अर्धा तुकडा तिनं चुलीवर, नव्या कड्याच्या शेजारी ठेवला.

"हा तुमचा," ती नोल्बेर्तोला म्हणाली. "जोडून घ्या, दोन नोल्बेर्तो."

हे दोन आकड्यातलं नव्हे, त्यांच्याकडं परक्या, मानाच्या माणसाच्या नावाआधी ते लावतात. नोटरीला, दुकानदाराला. ज्या दिवशी विवियाना त्याच्या हातावर रडली होती, त्या दिवसापासून तिनं त्याला कोंपाद्रेखेरीज हाक मारली नव्हती. ओर्फेलिना दोघांकडं पाहत राहिली, तिला आत्ता कुठं काहीतरी उमगत होतं. एदेल्मिरा चूल फोडा म्हणाली नाही. जुलैच्या थंडीत, त्या सुजणाऱ्या हातांसमोर, ते शब्द तिच्या तोंडून निघाले नसते, हे तिला येतानाच कळायला हवं होतं. फोडायची वेळ एकच होती, ती या माणसानं खिशात घालून नेली.

विवियाना दुपारी जेवायला घरी आली. आईला कोट न काढता टेबलाशी बसलेली पाहून तिनं शेगडी चालू आहे ना ते आधी बघितलं. एदेल्मिरानं रुमाल सोडून पाव उलटा करून ठेवला.

विवियानानं तो खळगा पाहिला आणि खुर्ची ओढली. मग सगळं सांगितलं. वीज जाते. मशीन बिघडलं तर दुरुस्त करणारा दुसऱ्या गावाहून येतो. आणि तुझा जीव त्या चुलीत आहे हे मला ठाऊक नव्हतं का? तू इस्पितळात घाबरून बोललीस. घाबरलेल्या माणसाचं बोलणं कुणी धरतं का? पुढंमागं रडली असतीस, तेव्हा मी चूल तुझ्यापुढं आणून उभी केली असती. ती ओर्फेलिनाकडं पेटवतील असं मला काही बोलले नव्हते ते.

"तू मला नाही म्हणायचं होतंस," एदेल्मिरा म्हणाली.

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं. पण तू नाही म्हटलेलं मला माहीत असतं. तू बरं म्हणालीस. म्हाताऱ्या माणसाला औषध साखरेत घालून देतात, तसं बरं म्हणालीस."

विवियानाचे डोळे भरले. तुझ्यासाठीच केलं, आई, असं काहीतरी ती म्हणाली. तिच्यासाठीच केलं होतं, यात एदेल्मिराला शंका नव्हती. सगळ्यांनी तिच्यासाठीच केलं होतं. तिच्या जिवाची, तिच्या थंडीची, तिच्या रडण्याची सगळ्यांनी काळजी घेतली होती. तिच्या शब्दाची तेवढी कुणी घेतली नाही. रोज त्या लोखंडावर बोट टेकवून ती जे बोलत होती, ते घरातल्या दुसऱ्या माणसाला पोकळ आहे हे ठाऊक होतं, आणि ते माणूस शेजारच्या खोलीत पांघरूण ओढून झोपत होतं.

लेक डोळे पुसून कामाला परत गेली. तसबिरीपुढं तुकड्याच्या जागी धुळीत एक अर्धवर्तुळ राहिलं होतं. एदेल्मिरानं ते पुसायला फडकं घेतलं आणि पुसलं नाही.

चारच्या सुमारास राएन शाळेतून आली. टोपी, हातमोजे, दप्तर जिथल्या तिथं टाकून टेबलाशी धावली आणि पाव तिला दिसला. तिनं तो उलटा केला.

"आजी, बेंबीचा!"

तिनं खळग्यात बोट घातलं, मग नाक घातलं. कुणी केला, कुठून आला, काही विचारलं नाही. तिच्या लेखी तो पाव जगात एकाच ठिकाणी होत होता. तिनं मोठा घास तोडला. चावता चावता तिला उबळ आली, खोल, छातीच्या तळातून. एदेल्मिरानं तिला जवळ घेऊन पाठ चोळली, पाणी दिलं, उबळ जाईपर्यंत धरून ठेवलं. काचेमागं आग नाचत होती, पंखा गुणगुणत होता. खिडकीबाहेर वारा अजून पडलेलाच होता.

श्वास बसल्यावर राएननं उरलेल्या पावातून बेंबीच्या कडेचा करपट तुकडा तोडला, तोच चांगला लागतो, आणि आजीच्या तोंडापुढं धरला.

"मला उपास आहे," एदेल्मिरा म्हणाली.

"आज शुक्रवार कुठाय?"

"हा वेगळा उपास आहे."

"मग सुटणार कधी?"

एदेल्मिरानं तो तुकडा तिच्या हातातून घेतला, रुमालात ठेवला आणि रुमालाची चारी टोकं एकत्र केली. "ते आता माझ्या हातात राहिलं नाही, बाळा," ती म्हणाली. मग माळ काढली, रोजच्या वेळेच्या बरीच आधी, आणि राएनला मांडीवर घेऊन पहिल्या मण्यापाशी थांबली. चूल तर देता आली नव्हती; या पोरीच्या श्वासासाठी कार्मेनमातेपुढं आता दुसरं काय ठेवायचं, ते तिला सुचेना.